स्वयंपाक स्वतः करावा

तुम्ही मुलीला घेऊन पुण्याला निघालात आणि उतरायचं कुठे असं मला विचारलंत, म्हणून सांगतो. मोठा लॉज घ्या. ज्यात खालच्या माणसाला वरच्या माणसाचं तोंड माहीत नसतं, असा. तुमचं गाव कोणी विचारणार नाही, जेवलात का म्हणणार नाही. तेच चांगलं.

कंदील जरा इकडे सरकवा. वीज आता लवकर येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वर्ध्याजवळ नालवाडीत पिठाची चक्की आहे, वडिलांनी घातलेली. ज्वारी, गहू, डाळ, सगळं मी स्वतः दळतो. परक्या घरचं पीठ मी खात नाही. कोणाला त्यात ताठा दिसला तर दिसो.

माझी मुलगी रक्षा नर्सिंग शिकली. आमच्या घराण्यात इतकी शिकलेली तीच पहिली. १९९९ साली पुण्याच्या एका खासगी दवाखान्यात तिची निवड झाली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार, असं त्यांनी कळवलं होतं. हॉस्टेलची खोली मात्र नंतरच्या आठवड्यात मिळणार होती. मधले दिवस कुठेतरी काढायचे होते. जयवंता, म्हणजे माझी बायको, म्हणाली की पोरगी हुशार आहे, जाईल एकटी. मी म्हणालो, हुशार आहे म्हणूनच एकटी जाणार नाही.

आमच्याकडची माणसं दवाखान्याच्या, कोर्टाच्या कामाने परगावी गेली की शिधा सोबत नेतात. मीही घेतला. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, जवसाची चटणी, कांदे आणि एक तवा. पिठाची पिशवी मी कोणाच्या हातात दिली नाही. गाडीत रात्रभर ती माझ्या मांडीवर होती.

पुण्यात शनिवारी सकाळी उतरलो. स्टेशनाबाहेर लॉजवाल्यांची माणसं अंगावर येतात. मी एकालाही उत्तर दिलं नाही. स्वतःच्या पायांनी फिरून पाहिलं.

पहिल्या लॉजचा मॅनेजर माझ्याशी बोलत होता आणि पाहत होता रक्षाकडे. बाहेर पडलो. दुसऱ्या लॉजमधल्या खोलीला आतून कडी नव्हती, बाहेरून होती. बाहेरून कडी असलेली खोली म्हणजे कोठडी. तिथूनही बाहेर पडलो. तिसरा लॉज मोठा होता. लिफ्ट होती, फरशी पुसलेली होती, मॅनेजर वयस्कर आणि सभ्य होता. पण तो म्हणाला, खोलीत काही शिजवता येणार नाही.

"बाबा, हे बरं आहे ना," रक्षा म्हणाली. "चार दिवस कॅन्टीनमधलं खाऊ. काय होते?"

मी लांबच लांब व्हरांडा पाहिला. दोन्ही बाजूंना दारंच दारं. इतक्या दारांवर लक्ष कोण ठेवणार? मी पिशवी उचलली.  मागून येताना रक्षाने इतकंच म्हटलं की बाबा, तुम्हाले पुण्यात नालवाडी पाहिजे.

ती मिळाली.

जुन्या पेठेतल्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानाला लागून, खाली बसक्या कौलांचं एक घर होतं. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती. राहण्याची घरगुती सोय. खोल्या चार. स्वयंपाक स्वतः करावा. मी पाटी वाचली आणि परत वाचली. अशी पाटी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नव्हती. माझ्यासारख्या माणसाला समोर ठेवून लिहिल्यासारखी ती होती. मला शंका यायची ती माणसांबद्दल. पाटीबद्दल कोण शंका घेतो?

उंबऱ्यावर एक बाई बसली होती. साठीची असेल. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. तिचे हात मांडीवर रिकामे होते, हे मला खटकलं. आमच्याकडची बाई दारात बसली तरी तिच्यापुढे सूप असतं, भाजी असते, निदान वाती तरी असतात. ही नुसती बसली होती, गाडीची वाट पाहत बसल्यासारखी.

"या भाऊ," ती म्हणाली. "वर्ध्याकडचे ना?"

मी विचारलं, कशावरून.

"पिशवी छातीशी धरली त्याच्यावरून. शिधा आणला असन."

परगावात अशी बोली कानावर पडली की माणूस ढिला पडतो. मीही पडलो, पण पूर्ण नाही. नाव, गाव, सगळं विचारलं. तिचं नाव नलूबाई. सेलूकडची. नवऱ्याच्या दवाखान्यासाठी पुण्यात आली आणि मग इथेच राहिली, असं म्हणाली. नवरा कुठे आहे, असं विचारल्यावर तिने आतल्या एका दाराकडे मान हलवली. दार लोटलेलं होतं.

आमची खोली मी नीट तपासली. कडी आतून होती आणि दणकट होती. खिडकीला गज होते. पलंगाखाली पाहिलं, गादी उचलून पाहिली, भिंतीला कुठे भोक आहे का तेही पाहिलं. खोट निघाली नाही. खोट निघाली नाही की माझं मन जास्त बिघडतं, पण रक्षा दमली होती. राहायचं ठरवलं.

बाकीच्या तिन्ही खोल्यांची दारं लोटलेली होती. प्रत्येक दारापुढे चपला होत्या, जुन्या वळणाच्या, टाचेला झिजलेल्या. आतून अधूनमधून खोकल्याचा आवाज यायचा. नलूबाई म्हणाली, सगळी आपल्याचकडची माणसं आहेत, थकलेली आहेत, त्रास नाही कोणाचा.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. गॅस नाही, स्टोव्ह नाही. मातीची चूल. भर पुण्यात, त्या काळात, मातीची चूल. शेणामातीचा पोतेरा घातलेली, स्वच्छ, पण गार. घरात धुराचा वास मुरलेला होता आणि चुलीत राखेचा कणही नव्हता. आमच्याकडे बाईमाणूस लोकाच्या घरी पाहुणं गेलं तर वाटेल ते काम करेल, चुलीला हात लावणार नाही. चूल घरच्या बाईची. नवी सून पहिल्यांदा चूल पेटवते त्या दिवसापासून ते घर तिचं, आणि त्या घरची माणसंही तिची. हे सांगावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं. रक्षालाही माहीत होतं. तिने काडेपेटी हातात घेतली नाही. नलूबाईकडे पाहिलं.

"माह्या हातानं आता पेटत नाई पोरी," नलूबाई म्हणाली. "तूच पेटव."

रक्षाने माझ्याकडे पाहिलं. मला भूक लागली होती आणि पीठ माझं होतं. परक्या बाईने माझं पीठ मळावं हे मला चाललं नसतं. मी म्हणालो, पेटव.

पहिल्याच काडीला चूल पेटली. फुंकर मारावी लागली नाही. नलूबाईने मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसली. पदर सावरला, पाय लांब केले. सून चुलीपुढे बसल्यावर सासू बसते तशी. त्यानंतर ती बाई त्या घरात कोणत्याही कामाला हात लावताना मला दिसली नाही.

भाकरीचा वास सुटल्यावर मधलं दार थोडं उघडलं. आत अंधार होता.

"पोरी…" आतून एक बारीक आवाज आला. "अर्धी भाकर मिळन काय…"

रक्षाने माझ्याकडे न पाहता भाकरी दिली. एक हात बाहेर आला आणि आत गेला. दार परत लोटलं गेलं. मला ते आवडलं नाही. पण भाकरी मागणाऱ्याला नाही म्हणणंही आमच्यात बसत नाही.

रात्री मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून झोपलो. भिंतीपलीकडे माणसं कुशी बदलत होती. एका खोलीत असावीत त्यापेक्षा जास्त वाटत होती. लग्नघरी सतरंजीवर सगळे ओळीने झोपतात आणि एकाने कूस बदलली की पुढचाही बदलतो, तसा तो आवाज या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा आणि परत यायचा. बोलणं मात्र नाही.

रविवारी जाग आली तेव्हा मी खाटेवर होतो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि रक्षा खोलीत नव्हती. मी दारात झोपलो होतो हे मला पक्कं आठवत होतं. ती चुलीपुढे बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली. घरी मी आणि जयवंता सांगून थकलो तरी तिने कधी डोक्यावर ओढणी घेतली नव्हती.

मी म्हणालो, चल, दवाखाना आजच पाहून येऊ, म्हणजे उद्या गोंधळ नको. तिने सांगितलं, तुम्हीच पाहून या, पाहुण्यांचा चहा व्हायचा आहे. कोणाचे पाहुणे, असं मी विचारलं. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं. दूध उतू जात होतं.

मी गेलो. दवाखाना चांगला होता. फाटकावरच्या माणसाला मी सांगितलं, उद्यापासून माझी मुलगी इथे नर्स आहे. त्याने सलाम केला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. परत येताना ऊन उतरायला लागलं होतं. मी मनाशी ठरवलं होतं की नलूबाईला चार शब्द सुनवायचे. माझी मुलगी तुझ्या घरची मोलकरीण नाही, हे सांगायचं. माझा संशय तेव्हा इतकाच होता. बाई लबाड आहे, खोलीच्या भाड्यात फुकटची स्वयंपाकीण मिळवते आहे.

मी तसं बोललोही. नलूबाई ऐकून घेऊन हसली.

"मी कुठं सांगतो तिले काही," ती म्हणाली. "इचारा तिलेच."

रक्षा म्हणाली, "बाबा, ते उपाशी आहेत."

"कोण ते?"

तिने परातीवरून मान वर केली नाही. आवाज तिचाच होता, पण बोलण्याची घाई गेली होती. माझी मुलगी भराभर बोलणारी. ही बाई घरात पुष्कळ माणसं असल्यासारखी सावकाश बोलत होती.

सोमवार उजाडला. मी अंघोळ करून, टोपी घालून तयार. रक्षाचा पांढरा नवा ड्रेस जयवंताने इस्त्री करून दिला होता, तो खुंटीवर तसाच होता. मी हाक मारली. ती म्हणाली, यांचं झालं की निघते. थोड्या वेळाने परत हाक मारली. तेच उत्तर. ऊन अंगणात आलं, मग तुळशीपर्यंत गेलं. तिकडे तिची जागा दुसरीला जाणार होती. ज्यासाठी ती इतकी वर्षं रात्री जागून शिकली ती जागा. मी स्वयंपाकघरात गेलो. तिला हाताला धरून उठवायचं, एवढंच मनात होतं.

आत माझी नजर आमच्या पिठाच्या पिशवीवर गेली. ती जवळजवळ भरलेली होती. शनिवारी दोघांपुरतं काढलं तेवढंच कमी झालेलं. मग दोन दिवस ही मुलगी कशाच्या भाकरी थापत होती?

चुलीच्या मागे अंधारात एक लांब फळी होती. फळीवर पिशव्या होत्या. मांजरपाटाच्या, खादीच्या, जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या. तोंडं आवळून बांधलेल्या, ओळीने ठेवलेल्या. मी एक सोडली. ज्वारीचं पीठ. दुसरी सोडली. ज्वारीचंच, पण जात्यावर दळलेलं. तसं पीठ आमच्याकडे घरोघरी होतं तेव्हा मी लहान होतो. ज्वारीचं पीठ महिन्याभरात कडवट होतं, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. मी चिमूट जिभेवर ठेवली. गोड लागली. आजच दळल्यासारखी.

आमच्याकडचा माणूस परगावी छत्री विसरेल, चप्पल विसरेल. पीठ विसरत नाही. उरलेलं पीठ बांधून परत नेतो. मग इतक्या माणसांचं पीठ इथे राहिलं कसं?

शेवटची पिशवी सोडली आणि तिचा वास आला तसा मी खाली बसलो. माझ्या वडिलांची एक रीत होती. लांबच्या प्रवासाला कोणी निघालं तर त्याच्या ज्वारीत ते मूठभर उडीद आणि मिठाचा खडा टाकून दळायचे, भाकरी मऊ राहावी म्हणून. दुसरा कोणी चक्कीवाला तसं करत नव्हता. वडील वारल्यावर मीही केलं नाही. ते पीठ आमच्या चक्कीचं होतं. वडिलांच्या हातचं.

"ही माणसं गेली कुठं?" मी विचारलं.

नलूबाई दारात उभी होती. "गेली नाईत," ती म्हणाली. "हायेत ना."

"आन तू?"

"मी दोन दिसासाठी आलतो भाऊ. त्याहीच्या दवाखान्यासाठी. शिधा घिऊन. इथं एक बाई बसेल होती, थे म्हणे, माह्या हातानं पेटत नाई, तू पेटव." तिने फळीकडे पाहिलं. "मंग थे गेली."

"कुठं?"

"मले काय ठाऊक. आता मी पाहीन ना."

असं म्हणून तिने फळीवरची एक पिशवी उचलली. खाकोटीला मारली. रक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला, जशी लेकीच्या डोक्यावरून फिरवतात, आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग गेलो. भर दुपार होती. गल्ली सरळ होती, दोन्ही टोकांपर्यंत दिसत होती. सायकलवाला पंक्चर काढत बसला होता. मी त्याला विचारलं, आत्ता बाई कुठे गेली. तो म्हणाला, कोणती बाई, आणि माझ्या मागच्या घराकडे असा पाहू लागला की मला ते पाहणं आवडलं नाही.

मी आत आलो. तिन्ही दारं आता बोटभर उघडी होती. खोकला थांबला होता. कोणीतरी वाट पाहत आहे अशी शांतता होती.

"पोरी…" एक आवाज आला.

"पोरी…" दुसऱ्या दारातून आला.

"आणते," रक्षा म्हणाली.

पेटत्या चुलीवर आमच्याकडे पाणी ओतत नाहीत. लाकडं मागे ओढतात, निखारा राखेखाली झाकतात. चुलीवर पाणी ओतणं म्हणजे त्या घराचं अन्न तोडणं. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं. मी पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीत पालथा केला.

चूल फुसफुसली. घरभर ओल्या राखेचा वास सुटला. रक्षा नुसती हात पुढे करून बसली. तिच्या हातातली भाकरी वाफेने ओली झाली. मग मागे, एकामागून एक, खोल्यांची दारं पूर्ण उघडल्याचा आवाज आला. मी मागे वळलो नाही. पाहण्यासारखं काही असेल तर असो, मला पाहायचं नव्हतं. मुलीला दंडाला धरून उठवलं आणि ओढत बाहेर आणलं. चपला घालायलाही थांबलो नाही.

रिक्षाने सरळ दवाखाना गाठला. वेळ होती अजून. तिला बाकावर बसवलं, नाव सांगितलं. आतल्या बाईंनी तिला चांगल्या शब्दांत बोलावलं, प्रकृती विचारली, शिक्षण विचारलं. रक्षाने त्यांना विचारलं, "तुम्ही जेवल्या काय?" त्या हसल्या. डॉक्टर आले. तिने त्यांनाही तेच विचारलं. मग शेजारच्या बाकावरच्या पेशंटला. मग एकेकाला, फिरून. हसणं थांबलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या मुलीला विश्रांतीची गरज आहे, घरी न्या, बरी झाली की बघू. मी हात जोडले नाहीत. माझ्याच्याने जुळले नाहीत.

परतीच्या गाडीत मी मांडीवर हात ठेवला आणि तेव्हा लक्षात आलं. आमची पिठाची पिशवी त्या घरी राहिली होती.

घरी आल्यावर ती हळूहळू बरी झाली. बोलायला लागली, पुण्याचं विचारलं तर म्हणायची, मला काही आठवत नाही. जयवंता म्हणाली, उन्हाने झालं. मी काही सांगितलं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रक्षाने गॅस पेटवला की फाटकाशी कोणीतरी येऊन उभं राहायचं. हातात पिशवी, अंगावर लांबच्या प्रवासाची धूळ. "इथं राह्याची सोय आहे म्हणे," असं विचारायचं. मी हाकलून द्यायचो. जयवंताने चहा केला तर कोणी यायचं नाही. मी रक्षाला स्वयंपाकघरात जायची बंदी केली. कारण सांगितलं नाही. बाप सांगतो एवढं कारण पुरे आहे.

पण मुलीला जन्मभर घरात ठेवता येत नाही. दोन वर्षांनी केळझरच्या योगेंद्रशी तिचं लग्न लावलं. चांगलं शेतकरी घर. मुलीला चुलीपाशी बसवू नका, असं व्याह्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो म्हणाला असता, मग सून कशाला दिली. मी गप्प राहिलो. त्या घरी पहिल्या दिवशी तिच्याकडून रीतीप्रमाणे गोड करून घेतलं. मी नालवाडीला चक्कीवर बसलो होतो. पट्टा फिरत होता आणि माझं धान्याकडे लक्ष नव्हतं.

मी केळझरला जाणं टाळत होतो. २००४ च्या चैत्रात गेलो. त्यांचं घर एसटी थांब्याच्या अगदी समोर आहे. दारावर पाटी पाहिली. राहण्याची सोय.

"आमी काही ठरवून नाई केलं मामाजी," योगेंद्र म्हणाला. "लोक इचारत येत राह्यले. इथल्या गणपतीच्या देवळात येणारे असतीन म्हणून मागच्या दोन खोल्या दिल्या."

गणपतीला जातात का ते, मी विचारलं. तो म्हणाला, जाताना कोणाले पाहिलं नाई. येताना पाहतो.

तो वावरात निघून गेला. मी ओट्यावर बसलो. दुपारची वेळ होती. मागच्या खोल्यांतून कुशी बदलल्याचा आवाज येत होता, या टोकाकडून त्या टोकाकडे. मी ठरवलं, आज हिला सोबत न्यायचं. जावयाचा, व्याह्याचा राग पत्करायचा.

तेवढ्यात एक म्हातारा आतून बाहेर आला. धोतर, पांढरी मिशी, खाकोटीला पिशवी. माझ्याशेजारी उभा राहिला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "वर्ध्याची गाडी कुठून भेटन?"

एसटी समोर उभी होती. कंडक्टर खाली उतरून पाणी पीत होता. मी बोट दाखवलं. म्हणालो, ही काय.

म्हाताऱ्याने माझ्या बोटाच्या रोखाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुठी?"

"अरे, ही. समोर. लाल."

"बरं बरं," तो म्हणाला. चांगल्या घरचा माणूस समोरच्याचं मन मोडू नये म्हणून म्हणतो तसं. आणि आत निघून गेला.

रक्षा माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला सांगितलं, आईची तब्येत बरी नाही, चार दिवस चल, आत्ताच्या गाडीने निघू, जशी आहेस तशी चल. ती हसली. कितीतरी दिवसांनी तशी हसली, लहानपणीसारखी. मला वाटलं, जमलं.

"कोणत्या गाडीनं बाबा?"

"ही काय. उभी आहे."

कंडक्टरने घंटी दिली. इंजिन सुरू झालं. त्याच्या धुराने तिचा पदर हलला, केस तोंडावर आले, तिने ते मागे सारले. मग डोळ्यांवर हात धरला आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"कुठं आहे?" ती म्हणाली.

मी अजूनही दर सोमवारी केळझरला जातो. गाडी तिच्या दारासमोरच थांबते.